तोंडी ऑर्डरवर काउंटरला बसू नका : पालिकेत क्लार्क म्हणून नवीन लागलेल्यांसाठी

गेल्या रविवारी माझ्या मावसबहिणीबरोबर दादरला खरेदीला गेले होते. ती नुकतीच पालिकेत क्लार्क म्हणून लागलीये. येताना स्लो लोकलमध्ये बसायला मिळालं आणि तिने विचारलं, ताई, काउंटरला टाकलं की वेगळे पैसे मिळतात ना, आमच्या क्लासचे सर म्हणायचे. मी तिला विक्रोळी येईपर्यंत सांगत होते, तरी अर्धं राहिलंच. आणि हाच प्रश्न मला गेल्या वर्षभरात चार-पाच जणांनी विचारलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. मी कुठल्या महापालिकेत आहे ते लिहीत नाही, मुंबई आणि आजूबाजूला मिळून नऊ महापालिका आहेत आणि आमच्यासारखं थोड्याफार फरकाने सगळीकडे चालतं.

पगाराचं तुम्हाला सांगायला नको, जाहिरात पाठ करूनच आलेले असता. मुंबई महापालिकेने २०२४ मध्ये कार्यकारी सहाय्यकाच्या (आधीचा लिपिकच) १,८४६ जागा काढल्या तेव्हा स्केल २५,५०० ते ८१,१०० होती, राज्य शासनाच्या लिपिक-टंकलेखकाची १९,९०० पासून सुरू होते. त्यावर डीए (महागाई भत्ता), एचआरए (घरभाडे भत्ता). कटिंगमध्ये बेसिक अधिक डीएचे १० टक्के एनपीएसला (पेन्शन योजनेला), व्यवसाय कर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. आता यातली एकही गोष्ट तुम्ही कुठे बसता यावर ठरत नाही. जन्म-मृत्यूच्या खिडकीत दिवसाला शंभर माणसं झेलणारी आणि आतल्या खोलीत रेकॉर्ड लावणारी, दोघींचा पगार सेम. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पब्लिक काउंटरला कायमचा वेगळा भत्ता असायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. पण मत वेगळं आणि पगारपत्रक वेगळं.

मग जास्तीचे पैसे येतात कुठून? बहुतेक वेळा अतिरिक्त कार्यभारातून, म्हणजे स्वतःचं टेबल सांभाळून दुसऱ्या मंजूर पण रिकाम्या पदाचं काम केलंत तर. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना हे महाराष्ट्र नागरी सेवा (वेतन) नियम १९८१ च्या नियम ५६ खाली मिळतं, महापालिकांचे आपापले सेवा नियम आणि परिपत्रकं असतात, ती आस्थापना विभागात (नेमणुका, बदल्या, सेवापुस्तकं बघणारा विभाग) मागून वाचा, लाजू नका. रोकड सांभाळणाऱ्याला काही ठिकाणी रोकड हाताळणीचा छोटा भत्ता असतो. बीएलओचं (मतदारयादीचं काम बघणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं) काम आलं तर ते मानधन, निवडणूक आयोगाने २०२५ मध्ये ते वर्षाला ६,००० वरून १२,००० केलं. आणि दिवाळीचं सानुग्रह अनुदान सगळ्यांना मिळतं, त्याचा काउंटरशी संबंध नाही. भत्ता आणि मानधन बेसिकमध्ये मिसळत नाही, त्यावर इन्क्रिमेंट नाही, डीए नाही, एनपीएसमध्ये त्याचा पैसा जात नाही. त्यामुळे "काउंटर घे, पगार वाढेल" असं कोणी म्हटलं की विचारायचं, कुठल्या परिपत्रकाने, किती, आणि कधीपासून.

आता माझं.

मी २०१९ च्या शेवटी लागले. आवक-जावकचं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या कागदांना नंबर टाकून नोंद करायचं टेबल मिळालं. तीन महिन्यात लॉकडाऊन, ते दिवस वेगळेच होते, त्यावर आत्ता लिहीत नाही. जून २०२२ मध्ये आमच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या काउंटरचे वरिष्ठ लिपिक आजारपणाच्या लांब रजेवर गेले. साहेबांनी बोलावलं आणि म्हणाले, आठ-दहा दिवस तू बस तिथे, तुझं टेबल पण बघ, ऑर्डर काढू नंतर. मी हो म्हटलं. नवीन होते, साहेब चांगले होते, खरंच चांगले होते, नाही म्हणायचं कारणच नव्हतं. काउंटरवर बसले तर सिस्टीमला माझा आयडी नव्हता. आयटीला मेल टाकला तर ऑर्डरची कॉपी जोडा असं उत्तर आलं. मग रजेवर गेलेल्या वरिष्ठांनीच फोनवर पासवर्ड सांगितला, म्हणाले, बेटा, तोपर्यंत माझाच वापर, लोकं खोळंबायला नको.

ते आठ-दहा दिवस चौदा महिने चालले. दहा वाजल्यापासून दोनपर्यंत खिडकी, जेवण कधी अडीचला कधी तीनला, त्यानंतर आवक-जावक, सात-साडेसातला निघायचं. वरिष्ठांनी मध्येच स्वेच्छानिवृत्ती घेतली तरी त्यांचा आयडी चालू होता आणि मी त्याच नावाने दाखले काढत होते. ऑगस्ट २०२३ मध्ये नवीन साहेब आले, त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं की तुमची ऑर्डर कुठाय, आणि दोन दिवसांत काढून दिली. मार्च २०२४ ला पद भरलं गेलं आणि मी परत माझ्या टेबलावर. मग सगळ्या बावीस महिन्यांचा अतिरिक्त कार्यभाराचा अर्ज दिला.

फाईल परत आली. शेरा एका ओळीचा: "माहे जून २०२२ ते ऑगस्ट २०२३ या कालावधीतील आदेशाची प्रत जोडावी." प्रत नव्हतीच तर जोडणार काय. मी म्हटलं सगळ्या ऑफिसला माहितीये मी तिथे बसत होते, शिपाई मामांना विचारा, पब्लिकला विचारा. लेखा विभागातल्या बाईंनी कॉम्प्युटरवर त्या चौदा महिन्यांच्या नोंदी काढून दाखवल्या. प्रत्येक दाखल्यावर, प्रत्येक एन्ट्रीवर त्या वरिष्ठांचा आयडी. त्या म्हणाल्या, मला कळतंय गं, पण ऑडिटला मी काय दाखवू, यात तू कुठेच नाहीस. मी बाहेर जिन्यात जाऊन रडले. पैशांसाठी कमी, त्या वाक्यासाठी जास्त. आणि मला राहून राहून एकच आठवत होतं, या चौदा महिन्यात ऑफिसमधून निघालेल्या प्रत्येक ऑर्डरला जावक नंबर मी माझ्या हाताने टाकलाय, बदल्यांच्या, प्रभारी चार्जच्या, सगळ्यांच्या.

म्हणून हा भाग नीट वाचा, बाकी काही विसरलात तरी चालेल.

तोंडी ऑर्डर म्हणजे ऑर्डर नाही. साहेब कितीही चांगले असोत, साहेब बदलतात, आणि फाईल उघडते तेव्हा टेबलामागे दुसरंच कोणीतरी बसलेलं असतं ज्याने तुम्हाला कधी पाहिलेलं नसतं. लेखी कार्यालयीन आदेश पाहिजे आणि त्यात तुमचं पूर्ण नाव आणि पदनाम पाहिजे, कुठल्या तारखेपासून ते पाहिजे, कुठल्या पदाचा कार्यभार ते पाहिजे (नुसतं "काउंटरचे काम पाहावे" असं लिहिलं तर नंतर म्हणतात ही फक्त कामाची वाटणी झाली, कार्यभार नाही), ते पद मंजूर आणि रिक्त आहे किंवा पदधारक रजेवर आहे हे पाहिजे, आणि "स्वतःचे काम सांभाळून" हे शब्द पाहिजेत, हे तीन शब्द नसले तर तुमची बदली झाली असाच अर्थ निघतो आणि जास्तीचे पैसे शून्य. सही सक्षम अधिकाऱ्याची पाहिजे. हे कोण ते आधी आस्थापनेत विचारा, कारण आमच्याकडे एका मुलाची ऑर्डर त्याच्या लगेच वरच्या साहेबांनी काढली होती आणि तेवढा अधिकारच त्यांना नव्हता, सहा महिने गेले त्याचे. जावक नंबर आणि तारीख पाहिजे. त्या दिवशी चार्ज घेतल्याचा रिपोर्ट लिहून द्यायचा, रिपोर्टची पोच घ्यायची. आणि सेवापुस्तकात नोंद झाली का ते वर्षातून एकदा स्वतः जाऊन बघायचं, सेवापुस्तक बघायचा तुम्हाला अधिकार आहे, त्यासाठी कोणाच्या पाया पडायची गरज नाही.

आणि आयडी. दुसऱ्याच्या आयडीवर एक दिवस पण बसू नका. मला माहितीये की हे बोलायला सोपं आहे, समोर रांग लागलेली असते, एखादी बाई तान्हं मूल घेऊन उभी असते आणि तुमचा आयडी आलेला नसतो. तरी नको. एक तर तुमचं काम दुसऱ्याच्या नावावर जमा होतं. दुसरं त्याहून वाईट, उद्या एखादा दाखला चुकीचा निघाला, नावात, तारखेत, तर चौकशी त्या माणसावर जाते आणि तो सांगतो की मी तर रजेवर होतो, मग तुम्ही कोणाचा पासवर्ड वापरून सरकारी नोंद केलीत हा प्रश्न तुमच्यावर येतो. मी चौदा महिने या धोक्यात बसले होते आणि मला त्याची कल्पनासुद्धा नव्हती. नशीब की एकही तसा दाखला निघाला नाही. आयडी येईपर्यंत काय करायचं? ज्याचा आयडी चालू आहे असा कर्मचारी शेजारी बसवा, तो एन्ट्री करेल, तुम्ही अर्ज तपासा, आणि तसं लिहून द्या. काम हळू होतं, साहेब चिडतात. चिडू देत.

घाबरवायचं नाहीये मला. खरं सांगते, ऑर्डर मागितली म्हणून कोणी नोकरीवरून काढत नाही. मी पाच वर्षांत असं एकही उदाहरण पाहिलं नाही. साहेबांना पण बहुतेक वेळा ती काढायची असते, फक्त कामाच्या गर्दीत राहून जाते, तुम्ही ड्राफ्ट टाईप करून नेलात तर अर्ध्या मिनिटात सही होते.

माझ्या चौदा महिन्यांचं पुढे काय झालं ते सांगते. मी माहिती अधिकारात माझ्याच फाईलवरची टिपणी मागवली. हे करता येतं. १० रुपये फी, आपल्या महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत बसवायचा, तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील. टिपणीत दिसलं की जून २०२२ ला साहेबांनी प्रस्ताव तयार करायला सांगितला होता, प्रस्ताव टाईप झाला होता आणि सहीलाच गेला नव्हता. तो कागद जोडून मी परत अर्ज दिलाय. ऑगस्ट २०२३ पासूनच्या सात-साडेसात महिन्यांचे पैसे फेब्रुवारी २०२५ ला मिळाले. आधीचे अजून नाहीत. युनियनच्या एका काकांनी सांगितलं की अनुचित कामगार प्रथेची तक्रार औद्योगिक न्यायालयात करता येते, १९७१ चा कायदा आहे, पण प्रकार घडल्यापासून नव्वद दिवसांत करायची असते, उशीर झाला तर उशिराचं कारण पटवून द्यावं लागतं. हे मला त्या नव्वद दिवसांत कोणी सांगितलं असतं तर.

सांगणाऱ्यांवरून आठवलं. क्लासचे सर, व्हिडिओवर पगाराची स्लिप दाखवणारे, यांचं परीक्षेपर्यंत ऐका, त्याच्यापुढे नको. त्यातले बरेच जण कधी पालिकेच्या खुर्चीत बसलेले नाहीत. आणि "आपला माणूस आहे, सेटिंग करून देतो" म्हणणारे ऑफिसात भेटतातच, अमुक टक्के द्या, फाईल पुढे सरकवतो. ज्या फाईलमध्ये कागद नाही ती पैसे देऊन पण सरकत नाही, आणि ज्यात कागद आहे ती पैसे न देता सरकते, फक्त वेळ लागतो. माझ्यासाठी खरं काम केलं ते आस्थापनेतल्या एका रिटायरमेंटला आलेल्या मॅडमनी, रोज जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं बसवून मला नियमाचं पुस्तक वाचायला लावलं. असा एक माणूस प्रत्येक ऑफिसात असतो, बहुतेक कोपऱ्यात, बहुतेक कमी बोलणारा. त्याला शोधा, चहा घेऊन जा.

काउंटरच्या कामाचं पण थोडं सांगते, कारण पैशाच्या नादात तुम्ही त्याला नाही म्हणू नये असं मला मनापासून वाटतं. पहिले दोन महिने भयंकर जातात. जून आला की शाळेचे प्रवेश, सगळ्यांना जन्मदाखल्यात बाळाचं नाव आजच टाकून पाहिजे. लोकं ओरडतात कारण त्यांनी हाफ डे टाकलेला असतो, नोकरीतले पैसे कापले जाणार असतात. यावर एकच उपाय मला सापडला, नियम पाठ असणे. एकवीस दिवसांत नोंद फुकट, एकवीस ते तीस दिवस लेट फी, तीस दिवसांच्या पुढे वर्षाच्या आत असेल तर लेखी परवानगी, एक वर्षाच्या वर गेलं की आधी कोर्टात जावं लागायचं आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून बदललेल्या कायद्याने ते जिल्हाधिकारी, प्रांत यांच्या स्तरावर आलं. हा बदल आला तेव्हा नुकतीच माझी ऑर्डर निघालेली होती आणि महिनाभर मी दिवसाला तीस वेळा तेच सांगत होते. बाळाचं नाव वर्षाच्या आत टाकलं तर फी नाही, नंतर फी भरून पंधरा वर्षांपर्यंत टाकता येतं. हे तुम्ही न अडखळता सांगितलंत की समोरच्याचा आवाज आपोआप खाली येतो. अडखळलात की त्याला वाटतं ही पैसे खायला बसलीये.

मालमत्ता कराच्या खिडकीवर असाल तर हेच. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून माफी आली, आणि माझी एक मैत्रीण तिथे बसते, ती सांगते की ५०५ फुटांचं घर असलेल्या माणसाला पाच फुटांसाठी पूर्ण बिल का हे समजावण्यात तिची अर्धी सकाळ जायची. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा बोर्ड तुमच्या मागे भिंतीवर लावलेला असतो, किती दिवसांत कुठली सेवा, तो पब्लिकच्या आधी तुम्ही वाचा. त्यात कसूर झाली तर दंड ५०० ते ५,००० आहे आणि तो पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या पगारातून जातो, म्हणून साहेब त्या तारखांबद्दल इतके घायकुतीला आलेले असतात.

शिवीगाळ झाली तर उलट बोलू नका, खुर्चीवरून उठा, सुरक्षारक्षकाला बोलवा आणि त्याच दिवशी, घरी जायच्या आधी, वेळ आणि साक्षीदार घालून साहेबांना लेखी द्या. अंगावर आला तर सरकारी कर्मचाऱ्यावरच्या हल्ल्याचं कलम लागतं, पूर्वीचं भादंविचं ३५३, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १३२. एकदा माझ्या खिडकीच्या काचेवर एका माणसाने पाण्याची बाटली मारली होती. वडिलांचा मृत्यूदाखला हवा होता त्याला, हॉस्पिटलकडून आलेल्या कागदात नाव चुकलं होतं. मी लेखी दिलं. पण दुसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा त्याच्या दुरुस्तीचा अर्ज पण मीच भरून दिला, आणि तो दाखला घेताना खिडकीत हात जोडून उभा राहिला. तसे दिवस आठवले की मला परत तिथे बसावंसं वाटतं. खरंच वाटतं.

हो, एक राहिलं. थकबाकी एकदम आली की इन्कम टॅक्स त्या वर्षाच्या उत्पन्नात सगळी धरतो. मागच्या वर्षांची रक्कम असेल तर त्यावर सूट मागता येते (१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८९), त्यासाठी रिटर्न भरायच्या आधी पोर्टलवर त्याचा फॉर्म (त्या कायद्यात १०ई) भरायचा. आधी नाही भरला तर नोटीस येते. माझ्या शेजारच्या टेबलवाल्याला आली.

बाकी कालच बहिणीचा मेसेज आला, ताई, मला सोमवारपासून पाणी खात्याच्या खिडकीवर बसायला सांगितलंय, माझं टेबल पण माझ्याकडेच, साहेब म्हणाले ऑर्डर नंतर काढू. मी तिला हा मजकूर पाठवलाय, तुम्ही पण उतरवून घ्या:

"मा. महोदय, आपण आज दिलेल्या तोंडी निर्देशानुसार मी सोमवारपासून पाणी खात्याच्या काउंटरचे काम, माझ्याकडील टेबलाचे काम सांभाळून, सुरू करत आहे. तरी याबाबतचा कार्यालयीन आदेश व माझ्या नावे लॉगिन आयडी मिळावा, ही विनंती."

दोन प्रती काढ, एकीवर आवक-जावकचा शिक्का आणि तारीख घे, आणि फोटो मला पाठव, असं सांगितलंय. सोमवारी साडेदहापर्यंत नाही आला तर मीच फोन करणार आहे.